शाहीदला कुठे उभं करायचं

शाहीद धावत नाही. हे सगळ्या पनवेलला माहीत आहे. निदान वडाळे तलावाच्या आसपासच्या पनवेलला तरी.

तो जाडा नाही. त्याचा पाय अधू नाही. त्याला दमा नाही. तो चार मजले चढून ईदचा शिरखुर्मा घरोघर पोचवतो. पण मैदानात उतरला की उभा राहतो. चेंडू लांब गेला की मान वळवून बघतो. फारच गरज पडली तर दहा पावलं टाकतो, तीही लग्नात जेवणाच्या पंगतीकडे निघाल्यासारखी.

त्याच्या आईला, अमिरुन्निसाखालाला, मी एकदा याबद्दल विचारलं होतं.

"दहाव्या महिन्यात बोलायला लागला," ती म्हणाली. "चालला दोन वर्षांचा झाल्यावर. मागितलं की सगळं हातात मिळत होतं. मग कशाला चालेल, बेटा?"

मी आणि शाहीद आठवीपासून एका बाकावर होतो. पुढे मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो. आता एका क्लासमध्ये शिकवतो. तो बारावीनंतर न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात लागला. पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. समोर स्क्रीन, पाठीमागे फळा. फळ्यावर कुठलं जहाज कधी, भरती कधी, कुठल्या गेटवर गर्दी, असं सगळं. बाहेर हजारो कंटेनर एकावर एक रचलेले. कुठला कुठे ठेवायचा हे तो सांगतो. उद्या जायचा कंटेनर आज तळाला गेला तर उद्या वरचे चार हलवावे लागतात. शाहीदच्या पाळीत असं क्वचित होतं. जे उद्या होणार ते त्याला आज दिसतं.

फुटबॉलमध्येही तसंच. चेंडू त्याच्या पायाशी आला की तो बघत नाही. त्यानं आधीच बघून ठेवलेलं असतं. तुम्ही जिथे आहात तिथे तो पास देत नाही. तुम्ही जिथे पोचणार तिथे देतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याचा प्रत्येक पास माझ्या डाव्या पायावर आला.

असा हा खेळाडू. आणि त्याला कुठे खेळवायचं हे आमच्या संघाला सहा वर्षं कळलं नव्हतं. मिडफिल्डर म्हणून त्याचं नाव यादीत असायचं. यादी मी लिहितो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. पण सामना सुरू झाला की तो बाकावर. शेवटची पाच मिनिटं आत. समोरचे दमलेले असतात, म्हणून.

गेल्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम झाल्या. शाहीदला ओमानचा व्हिसा आला. तिथल्या एका बंदरात हेच काम, दोन वर्षांचा करार, बुधवारचं विमान. आणि त्याआधीच्या रविवारी उरणच्या पुढच्या एका गावात चषकाची फायनल होती. आमचा संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला होता.

गुरुवारी शाहीद माझ्या क्लासच्या दारात येऊन उभा राहिला.

"फायनलला मला सुरुवातीपासून खेळायचंय," तो म्हणाला. "मधे."

"मी यादी लिहितो, शाहीद. निवडत नाही."

"मग सांग त्यांना."

त्यानं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. सांगतो म्हणालो.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, आम्ही रहीमचाचाच्या दुकानात जमलो. चाचा ट्रकवाल्यांना ताडपत्र्या आणि दोरखंड विकतो. तरुणपणी तो हाफ बॅक होता. संघाच्या सगळ्या बैठका त्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला, कॅरम बोर्डभोवती होतात. पांढऱ्या सोंगट्या आमच्या, काळ्या त्यांच्या. शाहीदसाठी लाल राणी.

"मधे ठेवू याला," मी म्हणालो. "डिफेन्सच्या पुढे. सगळं मैदान त्याच्यासमोर राहील. त्यानं फक्त पास द्यायचे."

हितेश आमचा कॅप्टन. त्याच्या वडिलांचा टेम्पोचा धंदा आहे, तो स्वतः वाऱ्यासारखा पळतो, आणि न पळणारा माणूस त्याला खरोखरच समजत नाही.

"आणि समोरचे त्याच्या बाजूनं जातील," तो म्हणाला, "टोलनाक्यावरून आमदाराची गाडी जाते तसे. याला पत्ताही लागणार नाही."

"दोन्ही बाजूंना दोन धावणारे दे."

"म्हणजे एका माणसाला तीन माणसं. अकरात तेरा कुठून आणू? तुझ्या क्लासमधून?"

"गोलमध्ये घाला," रहीमचाचा म्हणाला. त्यानं राणी बोर्डाच्या कडेला सरकवली. "गोलकीपर कुठे धावतो?"

"चाचा, गोलकीपरला उडी मारायला लागते. हा झोपायचं असलं तरी आधी पाच मिनिटं बसून घेतो."

"मग त्यांच्या गोलसमोर उभा करा. बॉल आला की मारेल."

"हा ऑफसाइडमध्ये मुक्काम करील. रेफ्री शिट्टी वाजवून वाजवून आडवा होईल."

सगळे हसले. मीही हसलो. हे इथे लिहायलाच हवं.

शाहीद दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून चहा पीत होता. जिन्यातून कपाट चढवताना कपाटाला कुणी विचारत नाही. तसा.

तेवढ्यात आनंदाकाका आले. पुतणीच्या हळदीचा मांडव घालायचा होता, त्यासाठी त्यांना ताडपत्री हवी होती. त्यांच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती. आता जमिनी गेल्या, पैसा आला, पण काकांचं बोलणं अजून बांधावरचंच आहे. त्यांनी कॅरम बोर्डाकडे बघितलं.

"कुठं हाय म्याच? खाडीवरच्या मैदानात? आरं, ती आमच्याच मिठागराची जमीन. बापानं माज्या तिथं मीठ पिकवलंय." त्यांनी बोर्डाच्या एका कडेवर बोट ठेवलं. "या अंगाला चर हाय. बांधाची झडप मोडलेली हाय. भरतीचं पानी चरात शिरलं का अर्ध्या तासात ही कडा लोन्यावानी होते. घोडा पन पलनार नाय तिथं."

हितेशनं राणी उचलली आणि त्या कडेवर ठेवली.

"इथे," तो म्हणाला. "इथे सगळेच शाहीद होतील! आणि खऱ्या शाहीदला काय फरक पडतो? तो नाहीतरी उभाच."

काय हशा झाला. चाचाच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांचा प्रश्न सुटला होता.

"भरती किती वाजता काका?" मी विचारलं.

"घड्याल नको मला इचारू. तिथी घे, पाऊनपट कर. दुपारचं तेवढं वाजलं का भरती. आजा-पंजापासून आमी असंच करतो." त्यांनी ताडपत्री खांद्यावर टाकली आणि गेले.

माझ्या घरी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर आहे. पण मी घरी नव्हतो, दुकानात होतो. समोर चाचाचं कॅलेंडर होतं, मशिदीचा फोटो असलेलं. प्रत्येक तारखेखाली बारीक उर्दू आकडे.

"चाचा, रविवारी चंद्राची तारीख कितवी?"

चाचानं चष्मा लावला. "तीन."

तीनाची पाऊणपट, सव्वादोन. सामना तीनला. "सव्वादोनला भरती!" मी ओरडलो. "तीनपर्यंत कडा तयार!"

शाहीदनं ग्लास खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की."

तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. तिथे खेळतो."

मला वाटलं, तो खूश झाला. सुरुवातीपासून खेळायला मिळणार होतं ना.

रविवारी हितेशच्या टेम्पोतून आम्ही गेलो. मैदान सपाट, पांढुरकं, अजूनही कुठे कुठे मिठाची खपली असलेलं. बांधापलीकडे खाडी. लांबवर बंदराच्या क्रेन. शामियाना, सरबताची गाडी, आणि माइकवर एक कॉमेंट्रीवाला. त्याला खेळापेक्षा खेळाडूंच्या खोड्या काढण्यात रस होता.

मी खाडीकडच्या कडेला गेलो आणि टाच आपटली. सिमेंट. चर कोरडा होता. तळाशी दोन खेकडे एकमेकांना टाळत फिरत होते.

"पाणी येऊन गेलं असेल," हितेश म्हणाला.

येऊन गेलं असतं तर ओल राहिली असती. हे मला कळलं. मी बोललो नाही. आकडा माझा होता.

तीनला सामना सुरू झाला. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. शाहीद, आठ नंबर, त्या कडेला उभा. समोर त्यांचा केशरी बुटांचा एक सडपातळ पोरगा. तो पहिल्यांदा शाहीदच्या डावीकडून गेला. दुसऱ्यांदा उजवीकडून. तिसऱ्यांदा चेंडू एका बाजूनं टाकून स्वतः दुसऱ्या बाजूनं गेला आणि सहाव्या मिनिटाला गोल झाला.

"पनवेलच्या आठ नंबरला कुणीतरी खुर्ची द्या!" माइकवरून आवाज आला. "पाव्हणे आहेत आपले!"

आख्खं मैदान हसलं. शाहीदनं कॉमेंट्रीवाल्याच्या दिशेनं हात हलवला. मग तो निघाला. चालत, नेहमीच्या चालीनं, कडा सोडून. मैदानाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबला.

"शाहीद! कडेला!" हितेश ओरडला. "अरे कडेला जा, ए!"

शाहीदनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिथेच उभा राहिला.

पुढची वीस-बावीस मिनिटं मी राखीव खेळाडूंच्या बाकावरून बघितली. ती सगळी चांगली नव्हती. चारदा त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला गेला. एकदा तो पडला. त्यांचा दुसरा गोल सरळ त्याच्या शेजारून धावत गेलेल्या माणसानं केला. हितेशची ती टोलनाक्यावरची आमदाराची गाडी मला आठवली. दोन शून्य.

पण तो हलला नाही. आणि हळूहळू, का कोण जाणे, चेंडू त्याच्याकडे यायला लागला. सगळे भोवती धावत होते, धूळ उडत होती, आणि मधे हा एक माणूस चेंडू इकडून घेत होता आणि तिकडे देत होता. एक स्पर्श. कधी दोन. पंचविसाव्या मिनिटाला त्यांचे तिघं एकदम त्याच्या अंगावर आले. त्यानं वर बघितलंही नाही. चेंडू दोघांच्या मधून निघाला आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे घरंगळत गेला. चाचाचा नातू जिब्रान आमचा सगळ्यात धाकटा फॉरवर्ड. तो तिथे पोचला तेव्हा चेंडू त्याचीच वाट बघत होता.

गोल. दोन एक.

माइक खरखरला. मग कॉमेंट्रीवाला म्हणाला, "ती खुर्ची राहू द्या रे."

हाफटाइमला शाहीद चालत बाहेर आला. घामानं निथळत होता. मी त्याला कधी घाम आलेला बघितलाच नव्हता. तो हसत होता.

मी वळलो तर चरात पाणी होतं. खेकडे गेले होते. मातकट पाणी शांतपणे वर चढत होतं.

आनंदाकाका छत्री घेऊन बांधावरून येत होते. "आलो का नाय टायमावर?" ते म्हणाले. "पावनेचारला भरती. आता बघा मजा."

"काका, भरती सव्वादोनला होती ना?" मी म्हणालो. "तीनाची पाऊणपट."

"तीन कुठून आनलंस? आज पंचमी हाय. पाचाची पाऊनपट पावनेचार. शिकलेला ना तू?"

मी रहीमचाचाकडे बघितलं. चाचानं कपाळाला हात लावला. "मी चाँदची तारीख सांगितली रे. आम्ही चाँद दिसल्यापासून मोजतो. तुम्ही अमावस्येपासून मोजता. दोन दिवसांचा फरक पडतो. मला काय माहीत तू भरती काढतोयस!"

"मी ओरडून सांगितलं, चाचा."

"मी हसत होतो तेव्हा."

शाहीदला तीस मिनिटं कडक जमिनीवर उभं केलं होतं, माझ्या आकड्यामुळे. सगळ्यांसमोर. त्या खुर्चीसकट. मला वाटलं हितेश आता मला खाडीत फेकेल. पण हितेश आनंदानं उड्या मारत होता.

"म्हणजे चिखल आता होणार! अख्खा दुसरा हाफ! शाहीद, आता तुझं राज्य. कडेला जा. तो केशरी बूटवाला घसरेल आणि तू नुसते पास..."

तो थांबला. शाहीद बांधावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"उदयसिंहला घाल," शाहीद म्हणाला. "मी नाही खेळत."

"लागलंय?"

"नाही."

"मग?"

"दमलो."

कुणाला हसावं की चिडावं कळेना. "तू?" हितेश म्हणाला. "तू दमलास?" त्यानं विनवलं. मग शिव्या दिल्या. मग रेफ्रीनं शिट्टी वाजवली. बाकावरचा उदयसिंह तोंडातली संत्र्याची फोड टाकून उठला आणि आत गेला.

दुसरा हाफ काकांनी सांगितला तस्साच झाला. कडा लोण्यासारखी झाली. केशरी बूटवाला सहादा घसरला. उदयसिंह नऊदा. चेंडू चिखलात रुतून बसायचा आणि त्याच्याभोवती सहा जण उभे. एक नीट पास देणारा माणूस तिथे हवा होता, फक्त एक. तो बांधावर अनवाणी बसून सरबत पीत होता.

आम्ही हरलो. दोन एक.

बक्षीस समारंभाची भाषणं चालू होती तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. ऊन अजून होतं. तो बुटांतली माती झटकत होता.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "तारखेची. तुला फुकट..."

"तीनला पाणी नसणार हे मला माहीत होतं."

मी त्याच्याकडे बघितलं.

"प्रणित," तो म्हणाला, "माझ्या पाठीमागे फळा असतो. रोजची भरती त्यावर लिहिलेली असते. कित्येकदा मीच लिहितो. रविवारी पावणेचार. पाऊणपट कशाला करायची?"

"म्हणजे शुक्रवारी, दुकानात..."

"नक्की का, म्हणून विचारलं ना मी तुला."

मी तीन वर्षं साहित्य शिकलो. माणसाच्या मनाबद्दल उत्तरपत्रिका लिहिल्या, पुरवण्या जोडल्या. आणि बारा वर्षं जवळ असलेला हा माणूस.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पहिल्या हाफला मला बाहेर बसवलं असतं. पाणी आल्यावर आत घेतलं असतं."

"तेच बरोबर होतं!"

"संघासाठी, हो." त्यानं बूट बाजूला ठेवला. "तुम्ही तासभर बसलात. गोलमध्ये, कडेला, चिखलात. जिथे बाकीच्यांनाही धावता येणार नाही अशी जागा शोधलीत. मला सगळे धावत असताना खेळायचं होतं. कडक जमिनीवर. एकदा तरी."

"मग दुसऱ्या हाफला आत जायचं होतंस. जिंकलो असतो आपण."

"जिंकलो असतो, आणि सगळे म्हणाले असते, बघा, सापडली याची जागा." त्यानं दुसरा बूट उचलला. "हरल्याचं वाईट वाटतंय मला. हितेशला मी सांगेन."

माइकवरून विजेत्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यानं जे निवडलं ते बरोबर की चूक, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. एवढंच आठवतं की शुक्रवारी त्या हशात माझाही आवाज होता, आणि मधे ठेवा हे मी एकदाच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणालो नव्हतो.

मंगळवारी त्यानं हितेशच्या घरी जाऊन खरंच सगळं सांगितलं. हितेशनं त्याला इमारतीच्या खालपर्यंत ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. चषक गावात आणायचं त्याचं स्वप्न होतं. तो का रागावणार नाही? मग बुधवारी पहाटे शाहीदला विमानतळावर सोडायला त्यानंच गाडी काढली. सामान टपावर बांधायला रहीमचाचानं नवा दोर दिला. गाडीत दोघं फार बोलले नाहीत, असं अमिरुन्निसाखाला म्हणाली. पण उतरताना हितेश म्हणाला, "तो पास मात्र..." आणि टपावरचा दोर सोडायला लागला.

आता आठ महिने झाले. कॅरम बोर्डावर यादी अजून तशीच ठरते. आता लाल राणी कुणाचीच नसते. ती डब्यातच राहते.

परवा शाहीदचा मेसेज आला. तिथे बंदरातले लोक शुक्रवारी संध्याकाळी खेळतात. एक केरळचा क्रेनवाला, दोन पाकिस्तानी ड्रायव्हर, एक इजिप्तचा स्टोअरकीपर. बहुतेक पन्नाशीकडे झुकलेले. पोटं सुटलेली, गुडघे दुखरे.

"माझ्यावरून इथेही वाद चालू आहे," त्यानं लिहिलं होतं. "मला कुठे खेळवायचं म्हणून. ते म्हणतात विंगवर जा, तुझ्याएवढा कुणी पळत नाही."

मी विचारलं, मग?

"नाही म्हटलं. मधेच उभा राहतो."